अध्यक्ष व्हा, पण विषय आधी ठरवा

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, वय ५४. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात माझा दवाखाना आहे आणि गेली बरीच वर्षं मी मुख्यतः वयस्कर पेशंटच बघते. स्मृतिभ्रंश, म्हातारपणातलं नैराश्य, संशयाचे आजार, झोपेचे घोळ. वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेची मी जुनी सभासद आहे, तिच्या समित्यांवर कामही केलंय. आता त्यांच्या नामांकन समितीने विचारलंय की नियोजित अध्यक्षपदासाठी उभ्या राहाल का. आधी दोन वर्षं नियोजित अध्यक्ष, मग दोन वर्षं अध्यक्ष, मग दोन वर्षं माजी अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीवर. एकूण सहा वर्षं.

‘तुमच्या भागातून कुणीतरी नेतृत्वात असणं आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं,’ असं त्यांनी लिहिलंय. ते वाचून आनंद व्हायच्या ऐवजी खटकलंच. मी हवी आहे की माझा पासपोर्ट?

दुसरं, घरचं. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांना अल्झायमर आहे. रोज दिवेलागणीला त्या दोन लुगडी आणि औषधांचा डबा एका पिशवीत भरतात, चपला घालून दाराशी उभ्या राहतात आणि म्हणतात, ‘चला, मला आमच्या घरी सोडा, आई वाट बघत असेल.’ त्या वेळी मी दवाखान्यात असते. जाऊबाई आणि एक बाई त्यांना सांभाळतात. मी परदेशात जाऊन केअरगिव्हरांच्या हालांवर बोलायचं आणि घरी जाऊबाईंनी दाराशी उभं राहायचं, हे मला पटत नाही. मिस्टर म्हणतात, ‘पदरचे पैसे घालून मिरवायची हौस कशाला? आणि आईचं कोण बघणार?’

तिसरं, तिथले बाकीचे मोठमोठे प्राध्यापक. माझं इंग्रजी वाचायला-लिहायला ठीक आहे, पण सभेत वाद घालायची वेळ आली की शब्द आधी मराठीत सुचतात.

कळवायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. काय करू?

– एक डॉक्टर

उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

संघटनेचं नाव तुम्ही लिहिलंय, ते इथे छापलेलं नाही, गावाचंही नाही. माझं मत आधीच सांगून टाकते, उगाच ताणत नाही: उभ्या राहा. अट एकच. आपल्या काळात सभेपुढे कोणता एक विषय लावून धरायचा, हे होकार कळवण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. तो ठरत नसेल तर सरळ नाही म्हणा. नाही म्हणण्यात कमीपणा नाही; विषय नसताना अध्यक्ष होण्यात मात्र आहे.

‘मी हवी की माझा पासपोर्ट?’ खरं सांगू का, दोन्ही. अशा संघटनांवर आज प्रश्न विचारले जातात की जगातले बहुतेक वृद्ध जिथे राहतात तिथली माणसं तुमच्या कार्यकारिणीवर का नाहीत, आणि मग नामांकन समिती यादी घेऊन बसते. तुम्ही त्या यादीत पासपोर्टमुळे आला असाल, पण यादीतली सगळीच नावं पुढे सरकत नाहीत. समित्यांवर तुम्ही काम केलंय ते त्यांनी पाहिलेलं आहे. आणि तुम्हाला कशासाठी बोलावलं यावर तुमचा ताबा नाही, खुर्चीत बसून काय करायचं यावर आहे. म्हणून हा प्रश्न मी एवढ्यावरच सोडते.

तरी एक गोष्ट नोंदवून ठेवते, कारण ‘तुमच्या भागातून’ असं कुणी लिहिलं की आपणही नकळत स्वतःला पाहुणे समजायला लागतो. या क्षेत्रातली सगळ्यात ओळखीची संघटना म्हणजे इंटरनॅशनल सायकोजेरियाट्रिक असोसिएशन, आयपीए. १९८० मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला प्राध्यापक टॉम एरी यांच्याकडे शिकायला वेगवेगळ्या देशांतली तरुण मंडळी जमली होती, त्यांच्या बोलण्यातून ती उभी राहिली. तिचं पहिलं अधिवेशन १९८२ मध्ये भरलं ते कैरोला. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, संशोधनात ‘१०/६६’ हा गट माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. जगातले ६६ टक्के डिमेन्शियाचे रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि त्यांच्यावरचं संशोधन १० टक्क्यांहून कमी, म्हणून ते नाव. तो गट जन्माला आला १९९८ मध्ये कोचीला. केरळमध्येच १९९२ साली एआरडीएसआय, म्हणजे ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था, सुरू करणारे डॉ. जेकब रॉय कुरियाकोस पुढे अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले. आणि आपल्या पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकलेले, मुंबईच्या केईएममध्ये मनोविकारशास्त्र केलेले डॉ. दिलीप जेस्ते २०१२-१३ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावर होते. त्यांचं आयुष्यभराचं काम वृद्धांच्याच मनाबद्दलचं. तेव्हा पाहुणे-बिहुणे काही नाही.

आता खुर्चीबद्दल. बाहेरून अध्यक्ष म्हणजे व्यासपीठ, स्वागताचं भाषण आणि फोटो असं दिसतं. मी मूळची रुग्णालयातली समाजकार्यकर्ती, पण समित्यांच्या बैठका आणि इतिवृत्तं पुष्कळ वाचली आहेत, त्यावरून सांगते. अध्यक्षाच्या हातात जवळजवळ काहीच नसतं. पैसा खजिनदाराकडे आणि कार्यालयाकडे. नियतकालिक संपादकाकडे, आणि त्यात नाक खुपसलेलं कुणालाच खपत नाही. कार्यकारिणीवरचे सगळे बिनपगारी, आपापली रुग्णालयं आणि विद्यापीठं सांभाळून आलेले. त्यांना तुम्ही हुकूम सोडू शकत नाही. रोजचं काम पगारी कार्यालय बघतं आणि ते बहुतेक वेळा अध्यक्षांपेक्षा जास्त वर्षं तिथे असतं.

अध्यक्षाच्या हातात एक गोष्ट असते: विषयपत्रिका. कोणता मुद्दा कधी येणार, त्यावर दहा मिनिटं की दीड तास, तो ‘माहितीसाठी’ की ‘निर्णयासाठी’. एवढंच. पण या एवढ्याशातून काय होऊ शकतं ते तुम्ही रोज स्वतःच्या केसपेपरवर लिहिता.

बीपीएसडी. ‘बिहेवियरल अँड सायकॉलॉजिकल सिम्प्टम्स ऑफ डिमेन्शिया’, म्हणजे डिमेन्शियातली वागणुकीची आणि मनाची लक्षणं. १९९६ मध्ये आयपीएने या विषयावर तज्ज्ञांची परिषद बोलावली, त्यात हे नाव आणि त्याची व्याख्या ठरली. तोवर डिमेन्शिया म्हणजे विसरणं. पेशंट रात्रभर येरझारा घालतो, सुनेवर चोरीचा आळ घेतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो, ते आपलं जाता जाता. घरच्यांना विचारलं असतं तर त्यांनी उलटं सांगितलं असतं. विसरण्याला कोणी कंटाळत नाही हो, माणसं थकतात ती या बाकीच्या गोष्टींनी. परिषद झाली, एकच नाव सगळ्यांनी वापरायला सुरुवात केली, मग मोजता यायला लागलं, अभ्यासक्रमात आलं. तुमच्या सासूबाईंचं दिवेलागणीचं उठणं तुम्ही आज ज्या नावाखाली लिहाल, ते नाव कुणीतरी एकदा सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलं होतं.

‘अॅजिटेशन’चंही, म्हणजे पेशंटच्या अतिअस्वस्थपणाचं आणि आक्रमकपणाचंही, तसंच. प्रत्येक जण आपापल्या परीने मोजायचा. आयपीएच्या कार्यगटाने २०१५ मध्ये सर्वांना वापरता येईल अशी तात्पुरती व्याख्या प्रसिद्ध केली.

या कामाला दुसरी बाजूही आहे, आणि ती तुमच्या लक्षात असेलच. एखाद्या त्रासाला नाव आणि मोजमाप मिळालं की त्यावर औषधाची चाचणी घेणं सोपं होतं. मे २०२३ मध्ये अमेरिकेत अल्झायमरमधल्या अॅजिटेशनसाठी ब्रेक्सपिप्राझोल या अँटिसायकॉटिक गटातल्या औषधाला मान्यता मिळाली. त्याच गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकावर तिथे २००५ पासून डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमधल्या मृत्यूच्या वाढत्या धोक्याची ठळक चौकटीतली सूचना छापावी लागते. औषध कधीच देऊ नये असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही आणि रात्री अडीचला घरातला माणूस काचेवर डोकं आपटत असेल तर तिथे तत्त्वज्ञान चालत नाही. पण पिशवी भरून दाराशी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला गोळी आधी की जाऊबाईंना शिकवणं आधी? ‘बरं, निघू या, आधी चहा घेऊ,’ असं म्हणायचं, एक चक्कर मारून आणायची, संध्याकाळ व्हायच्या आत घरातले दिवे लावायचे, आईबद्दल दोन गोष्टी विचारायच्या, ‘तुमची आई कधीच गेली’ असं मात्र सांगत बसायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं? हा क्रम कोण ठरवणार? तुमच्यासारखी बाई अध्यक्षपदी बसली तर हा मुद्दा ‘माहितीसाठी’मधून ‘निर्णयासाठी’मध्ये जाईल. मी हो म्हणा म्हणतेय ते यासाठी.

अजून एक उदाहरण, अलीकडचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, ‘ओल्ड एज’ या नावाने एक सांकेतिक क्रमांक घातला होता. म्हातारपण हेच कारण म्हणून कागदावर लिहायची सोय. विचार करा, आपल्याकडे आधीच ‘वयच झालंय, काय करणार’ म्हणून नैराश्यातल्या माणसाला परत पाठवतात. त्याला अधिकृत शिक्का मिळाला असता. २०२१ मध्ये जगभरातल्या डॉक्टरांच्या आणि वृद्धांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी आवाज उठवला आणि २०२२ च्या जानेवारीत वर्गीकरण लागू व्हायच्या आत ते शब्द काढले गेले. ही लढाई पत्रांनी, बैठकांनी आणि सह्यांनी लढली गेली. अध्यक्षाची सही अशा वेळी उपयोगी पडते, एरवी ती अभिनंदनपत्रांवर असते. पुढचंही काम समोर आहे: वृद्धांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार लिहायला घ्यावा असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने एप्रिल २०२५ मध्ये केला. त्या मसुद्यात मानसिक आजार असलेल्या, निर्णयक्षमता कमी झालेल्या माणसाबद्दल काय लिहिलं जाईल, हे ठरवताना तुमच्या संघटनेसारख्या संघटनांना विचारलं गेलं पाहिजे. न विचारता बोललंही पाहिजे.

मग तुमचा विषय कोणता? तो तुम्हीच ठरवायचा, पण सुचवायला मला आवडेल.

आपल्याकडे साठीपुढच्यांमध्ये ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. एवढ्या लोकांना पुरतील इतके तुमच्या विषयाचे डॉक्टर तयार व्हायला किती पिढ्या लागतील ते तुम्हीच सांगा. म्हणून मी बघते गोव्याकडे. तिथे संगथ या संस्थेने डॉ. अमित डायस यांच्या पुढाकाराने दोन तालुक्यांत एक साधी गोष्ट करून पाहिली. स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं, त्यांनी डिमेन्शिया असलेल्या घरी जायचं, काळजी घेणाऱ्यांचं ऐकायचं, वागणुकीचे प्रश्न कसे हाताळायचे ते दाखवायचं, सरकारी योजना कोणत्या ते सांगायचं. गरज पडली तरच डॉक्टर. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, काळजी घेणाऱ्यांचं मन सावरलेलं दिसलं. पुढे त्याच मंडळींनी नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या, साठी ओलांडलेल्या १८१ लोकांबरोबर काम केलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, साधी प्रशिक्षित माणसं होती. अडचणी सोडवायच्या कशा, झोप कशी सुधारायची, मधुमेह कसा सांभाळायचा, पेन्शनचा अर्ज कुठे द्यायचा. वर्षभरात ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यातल्या सुमारे ४ टक्क्यांना पूर्ण नैराश्य आलं, ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात १४ टक्क्यांहून जास्त लोकांना. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या नियतकालिकात हे छापून आलं.

हे काम जगाला माहीत आहे, पण ‘गरीब देशांत डॉक्टर नसतात म्हणून केलेली सोय’ अशा सुरात माहीत आहे. श्रीमंत देशांतही मुलं दूर आहेत, मदतनीस मिळत नाहीत, तज्ज्ञांच्या भेटीसाठी ताटकळावं लागतं. घरात जाऊन, घरच्यांना हाताशी धरून केलेली देखभाल हा मुख्य उपचार मानायचा आणि संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत तो पहिल्या पानावर आणायचा, हा दोन वर्षांचा भरगच्च विषय आहे. टॉम एरींचाही आग्रह असायचा की पेशंटला आधी त्याच्या घरी जाऊन बघा. म्हणजे तुम्ही काही परकं मागत नाही आहात. ‘भारताची प्रतिनिधी’ म्हणून मात्र बोलू नका. दीडशे कोटींचं ओझं कुणी सांगितलंय? या एका विषयाची जाणकार म्हणून बोला.

संघटनेच्या पैशाचा मुद्दा तुम्ही पत्रात घेतलेला नाही, तो मी घेते. अधिवेशनांना आणि प्रशिक्षणांना औषध कंपन्यांचं प्रायोजकत्व असतं, त्याशिवाय बऱ्याच संघटनांचं गाडं चालत नाही. त्यात पाप नाही, पण किती आणि कुठल्या अटींवर हे माहीत नसताना खुर्चीत बसू नका. अॅडुकानुमॅब या अल्झायमरवरच्या औषधाचं आठवतंय ना? स्वतःच्याच सल्लागारांनी नको म्हटलेलं असताना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२१ मध्ये ते मान्य केलं, वर्षाला ५६ हजार डॉलर किंमत लागली, सल्लागार समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मान्यतेसाठी रेटा लावणाऱ्या संघटनांना नंतर लोकांनी विचारलं, तुमच्या खात्यात कुणाचे पैसे होते? हा प्रश्न विचारला जातो तेव्हा खुर्चीत जो असेल त्याला उत्तर द्यावं लागतं, देणगी कुणीही घेतलेली असो. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब मागा. द्यायला खळखळ केली तर तेही एक उत्तरच.

आता घर. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

मिस्टरांचं म्हणणं तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय: ‘आईचं कोण बघणार?’ डॉक्टर, आई त्यांची आहे. हे मी भांडण लावायला म्हणत नाही. पण तुमच्या पत्रात सासूबाईंना सांभाळणाऱ्या तीन बायका आहेत – तुम्ही, जाऊबाई, पगारी बाई – आणि त्यांचे दोन मुलगे नुसतेच प्रश्न विचारणाऱ्यांत आहेत. आजवर जे चाललं ते चाललं. अध्यक्षपदाच्या निमित्ताने का होईना, घरातली वाटणी एकदा कागदावर येऊ द्या. सकाळची अंघोळ-नाश्ता कुणाकडे, संध्याकाळचे दोन तास कुणाकडे, रात्री उठायचं कुणी, औषधं आणि डायपर आणायची कुणी, बाईची सुट्टी असेल तेव्हा काय. वेळ लिहा, नाव लिहा, पैसे लिहा. दिवेलागणीला मुलाने आईचा हात धरून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणली तर त्यात जगावेगळं काही नाही. तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांना हेच सांगत असणार. नसाल तर सांगत जा.

जाऊबाईंशी मात्र तुम्ही एकट्याने बोला, मिस्टर बरोबर नकोत. ‘मी जाऊ का?’ असं विचारू नका, कारण त्या ‘जा हो, मी आहे ना’ म्हणतील आणि तुम्ही मोकळ्या व्हाल. आपल्याकडे धाकटी-मोठी काही असो, घरात राहणारी जाऊ बाहेर काम करणाऱ्या जावेला नाही म्हणत नाही. विचारायचं ते असं: वर्षातून दोनदा आठ-दहा दिवस मी नसेन, तेव्हा तुम्हाला काय लागेल? दुसरी बाई? रात्रीची नर्स? आणि मी परत आले की तुम्हाला माहेरी जायला किती दिवस हवेत? त्या दिवसांत सासूबाई तुमच्या वाट्याला, दवाखाना बंद ठेवून. हे ठरवा आणि पाळा. ज्या सुट्टीबद्दल तुम्ही परदेशात ‘रेस्पाइट केअर’ म्हणून बोलाल ती आधी स्वतःच्या जावेला मिळू द्या.

आणि एक विनंती. सासूबाईंची पिशवी आणि दाराशी उभं राहणं भाषणात किंवा स्लाइडवर आणू नका. मला माहीत आहे, त्या एका प्रसंगाने सभागृह तुमचं होईल. पण त्यांना ते कळत नाही, त्यांनी हो म्हटलेलं नाही, आणि जाऊबाईंचं आयुष्य तुमच्या भाषणाला उठाव यावा म्हणून नाही. पत्रात तुम्ही ते मला लिहिलंत, मी इथे छापतेय ते तुमची परवानगी घेऊन आणि ओळख पुसून. व्यासपीठावर ओळख पुसता येत नाही.

त्यांची तब्येत मधेच फार बिघडली तर? नियोजित अध्यक्षाची दोन वर्षं त्यासाठीही असतात. त्या काळात माघार घेणारी माणसं असतात, संघटनेच्या घटनेत त्याची तरतूद असते. ती तरतूद काय आहे ते आत्ताच वाचून ठेवा, म्हणजे वेळ आली तर अपराधी वाटत बसायला नको.

इंग्रजीचं थोडक्यात. आयपीएच्या अध्यक्षपदी जपानचे मासातोशी ताकेदा होते, स्पेनचे राइमुंदो मातेओस होते, चीनच्या हुआली वांग होत्या. या कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नाही. अध्यक्षाने सभेत कमी बोलायचं असतं. सगळ्यांचं झाल्यावर ‘म्हणजे आपलं ठरलं ते असं’ म्हणून दोन वाक्यं. ती आधी लिहून ठेवता येतात. वाद अंगावर आला तर ‘मला यावर उद्या लेखी कळवू द्या’ म्हणा. कुणी खात नाही. मराठीत सुचलेलं मराठीतच कागदावर टिपून घ्या, सभेत तुमच्या वहीत कोण डोकावतंय?

भाषेपेक्षा घड्याळ जास्त छळेल. कार्यकारिणीची बैठक न्यूयॉर्कला दुपारी चारला ठेवली की उन्हाळ्यात लंडनला रात्रीचे नऊ, सिडनीला सकाळचे सहा, म्हणजे सगळ्यांना ठीक. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलेलं असतं, कुणाच्या मनात वाईट नसतं, जागं राहणाऱ्याने कधी सांगितलेलं नसतं एवढंच. होकार कळवतानाच सांगा की बैठकीची वेळ आळीपाळीने बदलायची. त्याच दमात अधिवेशनाच्या जागेचंही विचारा: नेपाळ-नायजेरियातल्या तरुण डॉक्टरला तिथला व्हिसा वेळेत मिळतो का? नर्सना, मानसशास्त्रज्ञांना, व्यवसायोपचार करणाऱ्यांना, आमच्यासारख्या समाजकार्यकर्त्यांना परवडेल अशी वर्गणी आहे का? अध्यक्षाला हे सगळं दोन वर्षांत बदलता येत नाही, पण तो प्रश्न इतिवृत्तात तरी जातो, आणि एकदा इतिवृत्तात गेलेला प्रश्न पुढच्या अध्यक्षालाही टाळता येत नाही.

‘पदरचे पैसे’ याबद्दल मिस्टर अगदी चूक नाहीत. प्रवासखर्च संघटना देते का, दिला तर किती, आणि तुमच्या गैरहजेरीत बंद राहिलेल्या ओपीडीचं काय, हा हिशेब नवरा-बायकोने बसून करा. पाश्चात्त्य प्राध्यापकाला त्याचं विद्यापीठ रजा आणि पगार देतं, तुमचा दवाखाना म्हणजे तुम्हीच. खर्च झेपण्यासारखा नसेल तर तसं स्पष्ट लिहा. किती चांगली माणसं केवळ या एका कारणाने गप्प राहून माघार घेतात, आणि समितीला वाटतं त्यांना रस नव्हता.

तेव्हा मुदत संपायच्या आत करायचं ते असं. नामांकन समितीला आत्ताच एक पत्र पाठवा, अजून होकार नको. त्यात मागा: संघटनेची घटना, तीन वर्षांचे हिशेब, गेल्या वर्षाची इतिवृत्तं, प्रवासखर्चाचे नियम. मागच्या एखाद्या अध्यक्षाशी अर्धा तास फोनवर बोलू द्या म्हणावं, शक्यतो इंग्रजी मातृभाषा नसलेल्या. त्यांना विचारा, पद सोडताना कोणतं काम अर्धवट राहिलं. कदाचित तुमचा विषय तिथेच मिळेल. मधल्या शनिवार-रविवारी घरातला तो वाटणीचा कागद. आणि मग होकाराच्या पत्रात शेवटच्या परिच्छेदात तुमचा विषय लिहा, तीन ओळींत, आडपडदा न ठेवता. तो वाचून त्यांनी दुसरं नाव शोधलं तर तुमची सहा वर्षं वाचली. नाही शोधलं, तर निवडणुकीच्या निवेदनात त्याच तीन ओळी घाला, आणि कुणी ‘जरा सौम्य करा’ म्हटलं तर मला कळवा, शब्द आपण मिळून बघू.

– तुमची ताई